अदेलिनोचा जोड

अदेलिनोने गोणपाट अंथरलं आणि शेवेट गाडीच्या मागे गुडघे टेकले.

"बाबा, थांबा ना जरा," रोझिलेनी म्हणाली. "आधी डिकीत सिमेंटची पोती टाकून बघू."

"वेल्डिंग पोत्यांनी केलंय का?"

त्या चढाच्या गल्लीत रीतच तशी होती. कुणी घरच्या घरी गाडी खाली-वर करायचा जुगाड बनवला, की ज्याने वेल्डिंग केलं त्यानेच पहिल्यांदा गाडीखाली आडवं व्हायचं आणि बाकीच्यांनी डिकीवर बसून उड्या मारायच्या. शुद्ध वेडेपणा. पण त्या वेडेपणाच्या धाकाने गल्लीत कुणी कच्चं काम करत नसे, हेही खरं.

दुकानातला तयार संच घेणं या बाप-लेकीच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्यांनी भंगारातून जाड पाइपाचे दोन तुकडे आणले, कोपऱ्यावरच्या लेथवाल्याकडून त्यांवर आटे पाडून घेतले आणि आट्यांवर फिरणारी दोन लोखंडी कडी बसवली. कड्यावर स्प्रिंग. कडं फिरवलं की गाडीची मागची बाजू चार बोटं वर, उलटं फिरवलं की चार बोटं खाली. पाइप मागच्या एक्सलला जोडायच्या कामाला मात्र अदेलिनोने कुणाला हात लावू दिला नाही. बेलो होरिझोंत शहरातल्या बसच्या कारखान्यात तीस वर्षं त्याने वेल्डिंगच केलं होतं.

आणि ते दोन्ही जोड कच्चे निघाले होते. बुधवारी तो डोळे दाखवायला गेला असताना रोझिलेनीने सहज हातोडीचा टोला मारला, तर पाइप सुटून तिच्या पायाशी पडला. वरवर धातू जाडजूड साचला होता, आत काही उतरलंच नव्हतं. दुसराही तसाच. तिने दोन्ही घासून काढले, स्वतः पुन्हा जोडले आणि वर काळा रंग फासला. रंग फासताना ती रडली. बापाची नजर गेलीय हे घरात सगळ्यांना कळत होतं. पण हातही गेला, हे त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं? तेवढंच तर त्याच्याजवळ उरलं होतं.

आता तो तिच्या जोडाखाली झोपायला निघाला होता. तिने आजवर फाटकं आणि खिडक्यांचे गज सोडून दुसरं काही जोडलेलं नव्हतं.

शेजारचा जिल्मार कॉफीचा ग्लास घेऊन कुंपणातून आत आला. रविवार होता, चर्चहून येऊन त्याने नुकतेच कपडे बदलले होते.

"मिस्त्री, पोट आत घ्या! नाहीतर गाडी पोटावरच टेकायची."

"तू स्वतःचं बघ. तू बसलास की डिकी फाटणार."

अदेलिनो पाठीवर सरकत आत गेला. बाहेर फक्त त्याच्या चपला राहिल्या. जिल्मारने ग्लास भिंतीवर ठेवला आणि डिकीवर बसायला तो वळला, तोच रोझिलेनीने त्याचा दंड धरला.

"बसू नका, जिल्मारभाऊ."

"का गं? घाबरलीस? अगं, मिस्त्रीचं काम आहे ते."

"नका बसू म्हटलं ना!"

तिचा आवाज चिरकला. तिने त्याचा दंड सोडला नाही. तेवढ्यात खालून अदेलिनो बोलला, अगदी हळू.

"हे कुणी केलंय?"

जिल्मार हसला. "तुम्हीच की. दुसरं कोण?"

"मी डावखुरा आहे, जिल्मार. माझ्या जोडावर धातूचे खवले उलटे पडतात. बोटाला कळतं." खालून बोट लोखंडावर पुन्हा घासल्याचा आवाज आला. "हे सुलटे आहेत. रोझी?"

"हो, बाबा."

"माझं सुटलं होतं?"

"तसं नाही, जरासं..."

"सुटलं होतं का, ते सांग."

"एका टोल्यात."

"दोन्ही?"

"दोन्ही."

तो पाठीवर सरकू लागला. मग कण्हत बाहेर आला. तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. बंपर चाचपडत उठला आणि पँटवरची धूळ झटकत राहिला. तिथे धूळ फारशी नव्हतीही.

"मग माझं काय काम खाली? तू झोप," तो म्हणाला.

"बाबा, राहू द्या ना. आत चला."

"रीत आहे ती. झोप."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती गोणपाटावर आडवी झाली आणि सरकत आत गेली. जोड तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता. आता तिला स्वतःच्याच कामाची भीती वाटत होती.

जिल्मारचे पाय डिकीकडे वळल्याचं तिने पाहिलं. "नको," बाप म्हणाला. "मी एकटा बसतो."

स्प्रिंग करकरली आणि दबली. जोड जागचा हलला नाही. तिने श्वास सोडला आणि उड्यांची वाट बघू लागली.

"बाबा, मारा उड्या," तिने खालून ओरडून सांगितलं. "पक्का आहे!"

वरून नाक ओढल्याचा आवाज आला. जिल्मारचे पाय आवाज न करता कुंपणाकडे निघून गेले. वर कुणी उड्या मारत नव्हतं, तरी गाडी हलत होती.