हरेल तो उठेल

विल्मारने चेंडू मुद्दाम गोलच्या वरून मारला. पडद्यावरच्या त्याच्या खेळाडूने डोक्याला हात लावला, विल्मारनेही लावला. "अरे देवा! गेली की हातातली संधी!" पंक्चरच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की हाच खेळ खेळत बसणारा माणूस तो. इतका सोपा गोल चुकवायचा म्हणजे चेष्टा नव्हती. शेजारी बसलेल्या सहा वर्षांच्या देल्फिनाने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. शिट्टी वाजली. ती जिंकली होती.

"हरला, हरला! ऊठ आता!" मागे ताटकळलेले तिचे जुळे मामेभाऊ ओरडले.

घरात खेळाचं यंत्र एकच, आणि रविवारी सगळी नातवंडं चेला आजीकडे जमायची. भांडणांना कंटाळून आजीनेच नियम घालून दिला होता. जो हरेल तो उठेल, त्याचा रिमोट पुढच्याला. बरोबरी झाली तर दोघंही तिथेच बसून पुन्हा खेळणार. त्यामुळे कुणाची बरोबरी झाली की थांबलेली पोरं बोंब ठोकायची.

विल्मार उठला, जुळ्यांतल्या एकाला रिमोट दिला आणि खुशीत स्वयंपाकघरात आला. देल्फिनाची आई, यानिना, मिलानेसा म्हणजे पाव-चुऱ्यात घोळवलेले मांसाचे काप तळत होती.

"काय झालं?"

"हरलो. झकास हरलो."

"आणि ती?"

"गाल फुगवून बसलीये." त्याचा चेहरा पडला.

यानिना आणि देल्फिना आजीकडेच राहायच्या, आणि विल्मारला यानिनाचा जोडीदार म्हणून या घरात राहायला यायचं होतं. यानिनाची ना नव्हती. पण तिने एकदाच सांगून टाकलं होतं, "माझ्या पोरीला तू नको असलास तर मलाही नकोस. येत्या रविवारी जेवताना विचारीन तिला." तो रविवार आज होता.

दुकानातल्या मित्रांनी कानमंत्र दिला होता. "पोरीला जिंकू दे रे! पोरं जिंकली की लळा लावून घेतात." सगळा उन्हाळा तो इमानेइतबारे हरत आला. आणि ही पोरगी दिवसेंदिवस जास्तच तिरसट! आधी निदान निघताना हात तरी हलवायची. आता पाठ फिरवून बसायची.

चेला आजीने वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात 'माते' नावाचा कडू चहा भरून त्याच्या हातात दिला. तो नळीने तो ओढत राहिला.

"तिचा बापही असाच यायचा रविवारी," आजी म्हणाली. "एक मॅच खेळायचा, हरायचा, पोरीला टपली मारायचा की लगेच गाडीला किल्ली. पुढे तेवढंही यायचा बंद झाला."

"म्हणजे ती त्यालाही हरवायची?" विल्मारने कौतुकाने विचारलं.

आजीने त्याला नीट न्याहाळलं. "तुझं डोकं म्हणजे टायर आहे बाबा. आत नुसती हवा."

"शेवटची मॅच, मग जेवण!" यानिनाने आवाज दिला. नंबर पुन्हा विल्मारचा होता. तो जाऊन देल्फिनाशेजारी बसला. या वेळी त्याने आपल्या गोलकीपरला भलतीकडेच उडी मारायला लावली. एक-शून्य, देल्फिना पुढे. पडद्यावरचं घड्याळ संपत आलं. विल्मार पायाने चपला चाचपू लागला. आता यानिना विचारेल, आता देल्फिना नको म्हणेल, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

तेवढ्यात देल्फिनाचा खेळाडू चेंडू घेऊन गर्रकन मागे वळला आणि सुसाट निघाला.

"अगं, तिकडे कुठे? तो तुझाच गोल आहे!"

देल्फिनाने बटण दाबलं. चेंडू तिच्याच गोलकीपरच्या बाजूने जाळीत गेला. एक-एक. शिट्टी वाजली आणि जुळ्यांनी बोंब ठोकली.

विल्मार अर्धवट उठलेला तसाच राहिला. "देल्फी, जिंकत होतीस ना गं तू!"

"माहितीये मला." तिने नाक बाहीला पुसलं. "तू मुद्दाम हरतोस. मला दिसतं. तुला उठायचंच असतं."

विल्मार खाली बसला, मटकन.

दारात यानिना उलथणं हातात घेऊन उभी होती. तिने काही विचारायच्या आधीच देल्फिना पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "आई, आमची दोघांची ताटं इकडेच आण. बरोबरी झालीये."