आपलेच दात

"मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त," हे दातांच्या डॉक्टरांचं वाक्य कुणालाच पटायचं नाही. ड्रिलचा आवाज आला की बाहेरचे पेशंट चपला शोधायचे. म्हणून डॉक्टरांनी पायथन शिकून तळहाताएवढ्या कन्सोलसाठी गेम लिहिला: पडद्यावरच्या दाताने वरून पडणारी चॉकलेटं चुकवायची. पेशंट थांबायला लागले, पण हरले की दातओठ खायचे. आज रिसेप्शनिस्टबाई बाहेरचा कन्सोल घेऊन तणतणत आत आल्या. "डॉक्टर, नुसते दात साफ करायला आलेल्या काकांची दाढ बाहेरच तुटली. कोडमधला चॉकलेटांचा वेग कमी करा." "एवढा काही अवघड नाहीये गेम," म्हणत डॉक्टरांनी खुर्चीतल्या आजींना तसंच आ करून थांबायला सांगितलं आणि कन्सोल हातात घेतला. तीनदा हरले. चौथ्यांदा 'कट्' असा आवाज आला. डॉक्टरांनी गाल धरला. आजींनी तोंड मिटून खुर्ची रिकामी केली. "बसा डॉक्टर. मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त."