स्वतःच्या नावाने

टोरुन चौदा वर्षं जहाजांची इंजिनं दुरुस्त करत होती. सोबत काम करणाऱ्या आयविन्दला ते काम तिनेच शिकवलं होतं. त्याचा पगार किती, हे तिला कर खात्याच्या खुल्या यादीत पाहायचं होतं; नॉर्वेत कुणाचंही उत्पन्न तिथे पाहता येतं. "पण पाहणाऱ्याचं नाव त्याला कळतं गं! माझ्या नवऱ्याच्या नावाने बघ," मैत्रीण म्हणाली. ओलेसुंदमध्ये सगळे असंच करतात. टोरुनने स्वतःच्याच नावाने पाहिलं. आयविन्दला तिच्यापेक्षा वर्षाला साठ हजार क्रोनर जास्त मिळायचे. दुसऱ्या दिवशी कॉफीच्या वेळी त्याने सर्वांसमोर टोमणा मारला, "काय गं, माझ्या खिशात डोकावलीस?" "हो. माझी मजुरी शोधत होते." त्यांचा मालक, हालवर, मध्ये पडला, "अगं, ज्याचा त्याचा बाजारभाव असतो." "माझा भाव पलीकडच्या धक्क्यावर विचारून आले. याच्यापेक्षा जास्त देतायत." हालवर उठला. "चल, आत बोलू." टोरुन हलली नाही. "इथेच बोल. सगळ्यांना ऐकायचंय."