मिश्रणाचा दिवस

सातव्या ग्लासालाही वास नव्हता.

ओदीलनं तो पुन्हा नाकाशी नेला. गडद लाल वाईन काचेवरून सावकाश ओघळत होती. डोळ्यांना सगळं दिसत होतं. नाक मात्र मेल्यासारखं गप्प. तीन आठवड्यांपूर्वी तिनं तापानं अंथरूण धरलं, आणि उठली तेव्हा कॉफीचं नुसतं गरम पाणी झालं होतं. आज येईल, उद्या येईल, करत तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. नवऱ्यालासुद्धा. आणि बघता बघता मिश्रणाचा, वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांच्या वाईन एकत्र करायचा दिवस उजाडला.

टेबलापलीकडे द्राक्षमळ्याचे मालक मस्यू गास्तिनेल काठी गुडघ्याशी टेकवून बसले होते. वय एक्याऐंशी. फ्रान्समधल्या सेंत-एमिलियोंच्या टेकड्यांवर त्यांच्या नाकाचा दबदबा असा, की त्यांनी मान हलवली की शेजारचे मळेवाले वाद घालत नसत. त्यांचं वाईनचं तळघर ओदील बावीस वर्षं सांभाळत होती; मिश्रणाचं प्रमाण तीच सांगायची.

"हं, बोल."

"मेर्लो साठ टक्के," ती म्हणाली. "काबर्ने फ्रां तीस. उरलेले दहा काबर्ने सोव्हिन्यों."

गेल्या सालचेच आकडे! पिंपं एकदा एकत्र ओतली की पुन्हा वेगळी होत नाहीत. त्यातलं एखादं आंबलेलं असलं तर? अख्ख्या वर्षाचं पीक मातीत.

मस्यूंनी जुनी बाटली पुढं सरकवली. मळ्याचा रिवाजच होता तो: नव्याचं ठरलं की तीस वर्षं मुरलेली एक बाटली उघडायची.

"आणि ही?"

तिनं घोट घेतला. जिभेवर नुसता तुरटपणा. बूच कुजलं असेल तरी तिला कळणार नव्हतं.

"सुंदर," ती म्हणाली. "सुकं अंजीर... मागून जराशी तंबाखू."

मस्यूंनीही घोट घेतला. मग ग्लास खाली ठेवून ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ओदीलनं आपला ग्लास दूर सारला.

"मस्यू, मी खोटं बोलले. मला वास येत नाही, तापापासून. आकडे अंदाजानं ठोकले. मला काढून टाकायचं तर टाका, पण ती पिंपं ओतू नका!"

आता काठी आपटणार म्हणून तिनं डोळे मिटले. काठी आपटली नाही. म्हातारा उठला, त्यानं दार लावलं, कडी घातली. मग तो परत येऊन बसला.

"माझा वास जाऊन नऊ वर्षं झाली, पोरी," तो हळूच म्हणाला. "तेव्हापासून तुझं तोंड बघूनच मान हलवतोय मी. आणि आज सकाळपासून तिथं नुसती भीती दिसतेय."