बटण क्रमांक सात

उपाहारगृहात रोज दुपारी वादन करण्याची कायमची नोकरी एकाच कलाकारास मिळणार होती, आणि त्या दृष्टीने मी अगदी आदर्श उमेदवार होतो. माझ्या की-बोर्डावर डाव्या हाताने नुसते स्वर धरले, की ड्रम, गिटार आदी सर्व साथ आपोआप वाजू लागते.

परीक्षेच्या दिवशी, जेवायला आलेल्या गिऱ्हाइकांसमोर, तिसऱ्या गीताच्या अखेरीस, साथ चालूच ठेवून मी शिरस्त्याप्रमाणे विनोद केला. "ड्रमवर साथ करीत आहेत, बटण क्रमांक सात!"

या विनोदास हशा ठरलेला असतो. परंतु त्या दिवशी कोणीही हसले नाही. सर्वांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिले आणि आदरपूर्वक टाळ्या वाजविल्या.

माझ्या मागे केवळ भिंत होती.

तेवढ्यात व्यवस्थापक तरातरा आले. "काय हो मास्तर, एकटा येतो म्हणालात आणि सगळा गोतावळा घेऊन आलात?"

"साहेब, मी एकटाच आहे. हे सर्व यंत्र करते."

"यंत्राला घाम येतो होय? त्या ड्रमवाल्यानं आमचे तीन टॉवेल भिजवले! थांबवा त्याला, नाहीतर नोकरी विसरा."

प्रश्न पोटाचा होता. साथ समाप्त करण्यासाठी तेच बटण क्रमांक सात मी सर्व बळ एकवटून दाबले. संगीत तत्क्षणी थांबले. व्यवस्थापकांचा चेहरा निवळला.

मग माझ्या मानेवर उष्ण श्वास आला, आणि कोणीतरी अत्यंत अदबीने म्हणाले, "दादा, जरा हळू दाबत जा. लागतं हो."