काळ्या गाठीचं घराणं

मिरजेच्या अनसूयाबाई टिपऱ्यांनी निम्म्या जिल्ह्याची लग्नं जुळवली होती. उरलेला निम्मा जिल्हा आपल्यामुळेच सुखानं बिनलग्नाचा राहिला, असं त्या सांगत. आता मात्र पाय बधिर होऊन त्या दवाखान्यात पडल्या होत्या आणि समोरच्या पडद्यावर त्यांच्या मणक्यातल्या काळ्या गाठीची एक पेशी आपल्या बालपणाकडे निघाली होती. हल्ली जेवून हात धुवेपर्यंत पेशीचं वय उलटं उतरवता येई.

"आधीच्या डॉक्टरांनी रंग पाहिला आणि म्हणाले, कातडीचा कॅन्सर मणक्यात उतरलाय. तसं असेल तर माझं काही खरं नाही ना गं?"

"अवघड आहे, मावशी," डॉ. मुजावर म्हणाल्या. "पण मज्जातंतूच्या वेष्टणातली गाठही क्वचित अशीच काळी असते. ती बहुतेकदा काढता येते. पेशी लहान झाली की मूळ घराण्यासारखी वागते, म्हणून ताटलीत तिच्याशेजारी मज्जातंतू ठेवलाय. पेशी कातडीची असेल तर त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. वेष्टणाची असेल तर मिठी मारेल."

"म्हणजे काळी दिसली की घराणं न विचारताच निकाल! जन्मभर हेच बघत आले."

पेशी तंतूपाशी घुटमळली. बाईंनी पदर दातात धरला. मग पेशीनं हळूच कड टेकवली आणि मफलरासारखी ती तंतूभोवती गुंडाळली जाऊ लागली.

"वेष्टणाचीच!" डॉक्टर ओरडल्याच. "उद्या काढू. पुढं लक्ष ठेवावं लागेल, पण चालाल तुम्ही."

बाईंनी डोळे पुसले आणि पडद्याकडे बघून नाक मुरडलं.

"तिला सांगा, रंगावरून नाही, वागणुकीवरून नाकारलीय. काढा बाहेर!"