अंगाऱ्याचं बोट

“काका, ताप येतो का? खरं सांगा,” डॉक्टर दीपिका यांनी पुन्हा विचारलं.

“नाही हो. ठणठणीत आहे मी,” कुशाबा म्हणाला. छातीवरचा बायपासचा व्रण अजून लाल होता.

शेवंती खाटेच्या पायथ्याशी उभी होती. सकाळी नवऱ्याच्या छातीत कळ आली, तशी ती त्याला लालबागहून परळच्या या इस्पितळात घेऊन आली होती. हातात त्याच्यासाठी आणलेला मऊभाताचा डबा.

डॉक्टर तिच्याकडे वळल्या. “मावशी, यांच्या हृदयाच्या नळीला फुगा आलाय. नुसता फुगा असेल तर थांबता येईल. आत जंतू असतील तर तो केव्हाही फुटेल. मग आजच छाती उघडायला हवी. रक्ताचा रिपोर्ट यायला वेळ आहे. जंतू असले तर ताप येतो, म्हणून विचारते.”

“नाही म्हटलं ना!” कुशाबा खेकसला.

शेवंतीने बोट मुठीत मिटलं. रोज तिन्हीसांजेला देवापुढे दिवा लावून ती त्या बोटाने त्याच्या कपाळाला अंगारा लावी. कपाळ तव्यासारखं लागे. सकाळी त्याचा बनियन घामाने चिंब. “उकडतंय गो,” तो म्हणायचा, ऐन थंडीत. दिव्यासमोर अभद्र बोलू नये, म्हणून ती गप्प राहायची. देवाने बरा केलेल्या माणसाला ताप आहे म्हणायचं, म्हणजे देवालाच खोटं पाडायचं.

“येतो,” ती हळूच म्हणाली. “रोज संध्याकाळी.”

कुशाबाने डोळे मिटले. मग निमूटपणे खिशातून तापाच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून डॉक्टरांच्या हातावर ठेवली. डॉक्टर फोन कानाला लावतच बाहेर धावल्या.

त्याला ऑपरेशनला नेताना शेवंतीने विचारलं, “अहो, लपवलंत कशाला?”

त्याने हात लांब करून दाराची चौकट घट्ट धरली. स्ट्रेचर थांबलं.

“मागच्या ऑपरेशनला अन्न सोडलंस. मोरीत चक्कर येऊन पडलीस. ताप कळला असता तर पुन्हा उपाशी बसली असतीस. आजही सकाळपासून पाणीसुद्धा नाही तुझ्या पोटात.”

“सोमवार आहे. आणि तुमच्यासाठीच...”

“मला आता काही खायचं नाही म्हणालेत. आज उपास माझा. तू जेव गो.”

शेवंतीने डोळे मिटून हात जोडले. मग डबा उघडला आणि मऊभाताचा घास तोंडात घातला.

तो तिच्या गळ्याखाली उतरला, तेव्हा कुठे कुशाबाने चौकट सोडली.